आमच्या मालकीचा नगारची

ऐतिहासिक सिनेमा नुसता बघायचाही असतो, हे मला लग्नानंतर बायकोकडून कळलं. तोवर तो तपासायचा असतो अशीच माझी समजूत होती.

याला जबाबदार आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभी हयात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेली आणि घरी आल्यावरही तो हात थांबायचा नाही. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचा कागद, देवळाबाहेरचा सुविचाराचा फळा, काही म्हणजे काही सुटायचं नाही. पण खरा जीव ऐतिहासिक चित्रपटांवर. गावात असा चित्रपट लागला की पहिल्याच आठवड्यात अण्णा, आई आणि मी थिएटरात हजर. पडद्यावर तलवारी खणखणत असायच्या आणि माझ्या कानाशी अण्णांचा आवाज यायचा, "चूक."

"काय चुकलं?"

"मागे बघ. गुलमोहोर. त्या काळी आपल्याकडे गुलमोहोर नव्हता. साहेबाबरोबर आला."

पुढच्या रांगेतून कोणीतरी "श्श" करायचं. अण्णा त्या दिशेला वाकून तितक्याच सौजन्याने सांगायचे, "आपल्यालाही उपयोगी पडेल, ऐका."

नायिका विरहात गायला लागली की ते मला तिचा दंड बघायला लावायचे. दंडावर देवीची लस टोचल्याचा वण असायचा. "तेव्हा लस टोचत होते काय रे?" थिएटरातली बाकीची पोरंही त्याच दंडाकडे बघत असावीत, पण त्यांची कारणं निकोप होती. माझं बालपण असं गुलमोहोर आणि लसीचे वण मोजण्यात गेलं. शेवटी कोण जिंकलं हे बऱ्याचदा मला दुसऱ्या दिवशी शाळेत विचारावं लागायचं.

अण्णांचा दुसरा शब्द "पुरावा". कोणी नातेवाईक आला आणि म्हणाला, की आमच्या आजोबांचं संस्थानिकांच्या पंगतीत पान असायचं, की अण्णा चहाचा कप खाली ठेवून विचारायचे, "पुरावा?" नातेवाईक हळूहळू कमी झाले. आई म्हणायची, बरं झालं, चहासाखर वाचते.

या तडाख्यातून एकच गोष्ट सुटली होती. ती आमची स्वतःची.

गोष्ट अशी. उत्तरेतल्या कुठल्याशा मोहिमेत मराठ्यांची एक फौज घेरली गेली. थंडीचे दिवस, सकाळी शेजारचा माणूस दिसू नये इतकं धुकं. सरदाराने ठरवलं, धुकं आहे तोवर नदीपार व्हायचं. पण छावणी एकदम गप्प झाली तर शत्रूला संशय येणार. म्हणून एक नगारची मागे राहिला. तंबू रिकामे, चुली विझलेल्या आणि हा एकटा नगारा बडवतोय. शत्रूला वाटलं, फौज जागेवर आहे. धुकं विरलं तेव्हा अख्ख्या छावणीत एक माणूस आणि एक नगारा. फौज सुखरूप पलीकडे. तो नगारची म्हणजे अण्णांचा खापरपणजोबा.

कुठली मोहीम, कुठली नदी, सरदार कोण, यातलं काहीही आमच्या गोष्टीत नव्हतं. दुसऱ्या कोणी अशी गोष्ट आणली असती तर अण्णांनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं असतं. माझ्या बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला बोटांवर पिढ्या मोजल्या आणि म्हणाली, "अण्णा, खापरपणजोबा धरला तर पेशवाई बुडाल्यावर जन्मलेला निघतो."

"पूर्वी माणसं जास्त जगायची," अण्णा म्हणाले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडाकडे पाहिलं.

दसऱ्याचं कारण असं, की त्या दिवशी लोक शस्त्रं पुजतात, कोणी पुस्तकं, कोणी शिवणयंत्र. आमच्याकडे पाटावर दोन लाकडी टिपरं ठेवली जायची, नगारा वाजवायची. हातभर लांब, काळपट, मधे थोडी फुगलेली. आई त्यांना हळदकुंकू वाहायची, वर झेंडूचं फूल. हीच ती, असं अण्णा सांगायचे. आणखी काही बोलायचे नाहीत. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस त्या पाटासमोर गप्प बसायचा, त्यामुळे मला लहानपणी ती गोष्ट इतर सगळ्या इतिहासापेक्षा खरी वाटायची.

पुढे गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. घरात कुठलंही लग्न, मुंज, बारसं असलं की पोरं माझ्याभोवती जमायची आणि मी नगारची काढायचो. दिवसा विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला एवढंच शौर्य उपलब्ध असतं. मी त्यात एक कुत्रा घातला होता. सगळी फौज गेली तरी नगारच्याजवळ बसून राहिलेला. अण्णांनी कुत्र्याला हरकत घेतली नाही, यावरून या गोष्टीपुढे ते किती हतबल होते हे कळावं.

तर एके दिवशी माझी मुलगी मोबाईल नाचवत आली. "आजोबा, हे बघा! यू वोन्ट बिलीव्ह!"

कोट्यवधी रुपयांच्या कुठल्याशा भव्य ऐतिहासिक चित्रपटाची झलक होती. हत्ती, आगीचे गोळे, हवेत उडणारे घोडे. मग एकदम सगळं शांत. पांढरं धुकं. रिकामे तंबू. आणि एका नगाऱ्यावर पडणारे दोन हात. चेहरा दाखवला नव्हता. मोजला तर एका श्वासाचा प्रसंग.

अण्णांनी मोबाईल हातात घेतला. "परत लाव."

मुलीने परत लावलं. मग टीव्हीवर लावलं. अण्णा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. घोड्यांच्या रिकिबी, सैनिकांच्या तुळतुळीत हनुवट्या, पाठीमागच्या डोंगरावरची निलगिरीची झाडं, यातलं काहीही त्यांनी उच्चारलं नाही. धुकं आलं की हात वर करायचे, थांबव.

"कुत्रा नाहीये," मी म्हणालो.

"कुत्रा तुझा आहे," अण्णा म्हणाले. पण प्रेमाने म्हणाले.

त्या संध्याकाळी गॅलरीत ते माझ्याशी जे बोलले त्यावरून मला कळलं, की हा माणूस आयुष्यभर काय ओझं घेऊन हिंडत होता. ते म्हणाले, "आपली गोष्ट कुठल्याही पुस्तकात नाही. मी शोधली. छापखान्यात इतकी बखरींची, इतिहासाची पुस्तकं हाताखालून गेली, प्रत्येकात शोधली. नाही सापडली. आता यांना कुठून मिळाली? कुठल्यातरी दप्तरात कागद निघाला असणार. एवढा खर्च करणारी माणसं संशोधन केल्याशिवाय करतील का?"

ऐतिहासिक चित्रपटवाल्यांच्या संशोधनावर अण्णांचा विश्वास! सूर्य आमच्या गॅलरीत पश्चिमेऐवजी पूर्वेला मावळला असता तर मला इतकं नवल वाटलं नसतं. पण मलाही ते खरं असायला हवं होतं. जिच्यासाठी अण्णांनी कधी पुरावा मागितला नव्हता, त्या गोष्टीचा पुरावा थिएटरात येऊन आम्हाला भेटणार होता, तोही मोठ्या पडद्यावर आणि घुमणाऱ्या आवाजात.

चित्रपट लांबला. दिवाळीचा उन्हाळ्यावर गेला. या काळात मी जे करायला नको ते केलं. सोसायटीच्या ग्रुपवर ती झलक टाकली आणि खाली लिहिलं, "यातील नगारची हे आमच्या घराण्यातील." सोसायटीचे चेअरमन निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना कर्जवाटप बंद झाल्यापासून उत्साह वाटायला जागा उरली नव्हती. ते स्वतः घरी आले.

"अहो, काका, एवढी मोठी गोष्ट आणि आम्हाला पत्ताच नाही! आपल्या बिल्डिंगमध्ये इतिहास राहतो, आणि आम्ही त्याला मेंटेनन्सची स्मरणपत्रं पाठवतोय."

"तसं काही नाही," अण्णा म्हणाले. चेहऱ्यावर मात्र तसं सगळं होतं.

चेअरमननी पहिल्या रविवारच्या दुपारच्या खेळाला दोन रांगा सोसायटीसाठी घेतल्या. अण्णांनी कोट इस्त्रीला टाकला. माझ्या बायकोने विचारलं, "एसीत बसून अंधारात कोट कोण बघणार आहे?"

"मध्यंतरात उजेड असतो," अण्णा म्हणाले.

चित्रपट सुरू झाला. सुरुवातीला एक लांबलचक सूचना आली, की यातली पात्रं, घटना, स्थळं यांचा प्रत्यक्षाशी संबंध असेलच असं नाही. ती इतक्या भरभर सरकली की फक्त मुद्रितशोधकालाच वाचता आली असती. अण्णा तेव्हा चष्मा पुसत होते.

मग मी ते पाहिलं. राजवाड्याच्या पायऱ्यांवर नायिका उभी आणि तिच्या मागे, आख्खा पडदा भरून, लालभडक फुललेला गुलमोहोर. मी सवयीने अण्णांकडे वळलो. त्यांनीही पाहिला होता. मला त्यांच्या हनुवटीची हालचाल दिसली. पण ते काही बोलले नाहीत. समोर बघत राहिले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी गुलमोहोर सोडून दिला. आपल्या माणसासाठी त्यांनी त्या चित्रपटाशी तह केला होता.

मध्यंतराच्या थोडं आधी धुकं आलं. आमच्या दोन्ही रांगांतून कुजबुज उठली, "आलं, आलं!" चेअरमन मागून वाकून म्हणाले, "काका, आता!" रिकामे तंबू. विझलेल्या चुली. दोन हात, नगारा. कॅमेरा हातांवरून हळूहळू वर सरकला आणि चेहरा दिसला. काजळ घातलेले बारीक डोळे, ओठाच्या कोपऱ्यात हसू. असा चेहरा चित्रपटात एकाच कामासाठी ठेवतात, हे माझ्यासारख्या शेवट न बघता वाढलेल्या प्रेक्षकालाही कळतं.

नगाऱ्याचे ठोके म्हणजे खूण होती. फौज निघाली, नदीच्या वाटेवर धरा, ही शत्रूला दिलेली खूण. टेकडीवर शत्रूचा सेनापती दाढी कुरवाळत हसला. कापाकापी झाली. मग धुक्यातून नायक घोड्यावरून आला, "गद्दार!" अशी गर्जना केली आणि नगारच्याला नगाऱ्यासकट उभा चिरला. संथ गतीत.

थिएटर कोसळलं. शिट्ट्या, टाळ्या. सगळ्यात जोरात टाळ्या आमच्या मागच्या रांगेतून येत होत्या. आमचे चेअरमन भान हरपून वाजवत होते. मग त्यांना आठवलं. टाळ्या एकेक करून थांबल्या आणि आमच्या दोन रांगा, भोवती आख्खं थिएटर गर्जत असताना, शोकसभेसारख्या गप्प झाल्या.

दिवे लागले. अण्णा कोटात बसले होते. मध्यंतरात उजेड असतो हे त्यांचं म्हणणं खरं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक शेजारी त्या उजेडात त्यांच्याकडे बघून जात होता. चेअरमनच्या पत्नी मक्याच्या लाह्यांचा डबा पुढे करून म्हणाल्या, "घ्या ना काका, थोड्या," जणू घरात गमी झाली होती आणि सुतकात एवढंच चालतं.

"घरी जाऊ या का?" मी विचारलं.

"पुढे खुलासा असेल," अण्णा म्हणाले.

खुलासा नव्हता. पुढे नुसते घोडे होते.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आजोबा, चिल. इट्स फिक्शन. आधी डिस्क्लेमर होता."

"तो लहान टाइपात होता," अण्णा म्हणाले. मला वाटतं, फसवणुकीचा याहून मोठा आरोप त्यांच्या शब्दकोशात नव्हता.

माझी बायको मुद्द्यावर आली. "त्या माणसाचं आडनाव तरी घेतलं का कोणी सिनेमात? कोणालाच ठाऊक नव्हतं तो कोण ते. तुम्ही बापलेकांनीच बिल्डिंगभर वाटलंत, बारशाच्या पेढ्यांसारखं."

तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला विचारलं, "मग? किती मिळाले होते हो तुमच्या आजोबांना?" पुण्यात सहानुभूती व्यक्त करायची ही एक पद्धत आहे. मी हसलो. घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही. मी ज्या पोरांना ती गोष्ट सांगितली होती, ती आता कॉलेजात होती, नोकऱ्या करत होती, आणि आठवडाभरात सगळी हा चित्रपट बघणार होती.

चेअरमन संध्याकाळी आले. टाळ्यांची भरपाई करायची त्यांना घाई होती. "काका, निषेधसभा घ्यायची. येत्या रविवारी, आपल्याच हॉलमध्ये. माझ्या ओळखीचे दोन पत्रकार आहेत. तुम्ही फक्त उभं राहून सांगायचं, आमच्या पूर्वजांची बदनामी झाली."

"पुरावा लागेल," अण्णा म्हणाले.

"कशाला? भावना दुखावल्यात ना? हल्ली तेवढ्यावर होतं."

"माझ्याने होणार नाही."

अण्णांची अडचण मला समजत होती. दुसऱ्याने खोटं छापलं म्हणायचं तर खरं काय ते आपल्याकडे हवं. कागद नाही, बखर नाही. उरली साक्ष. आणि घराण्यात अण्णांहून वडील असं एकच माणूस शिल्लक होतं. माझी आत्या. ती बिबवेवाडीला सुनेकडे असते. कान तल्लख आणि जीभ त्याहून.

आम्ही गेलो तेव्हा ती पाय पसरून पावटे सोलत बसली होती. अण्णांना बघून म्हणाली, "ये रे बाळ. बारीक झालास." अण्णांची ऐंशी उलटली आहे.

अण्णांनी सगळं सांगितलं. चित्रपट, धुकं, काजळ, गद्दार. मग गळा साफ करून म्हणाले, "अक्का, रविवारी सभा आहे. वडिलांनी आपल्याला खापरपणजोबांची हकिकत सांगितली, ती तू ऐकली आहेस. तू मोठी होतीस, तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. तेवढं चार माणसांसमोर सांग. मोहीम कुठली, ते काही म्हणाले होते का?"

आत्या सोलता सोलता थांबली. "कुठली हकिकत?"

"नगारच्याची."

"ती होय!" आत्या हसायला लागली. पावटे मांडीवरून घरंगळले. "अरे, तो पिक्चर होता!"

"कुठला पिक्चर?"

"मला मेलीला नाव कुठलं आठवायला? स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली असतील. आता मार्केट यार्ड आहे ना, त्या अंगाला तेव्हा माळ होता. तिथे तंबू लागला होता पिक्चरचा. आपण वडिलांबरोबर गेलो होतो, तू नि मी. त्यात होता तो नगारेवाला. सगळे निघून जातात नि हा एकटा वाजवत बसतो. शत्रूची माणसं येतात नि त्याच्याभोवती गोळा होतात. एवढं झालं नि तू भोकाड पसरलंस. असं, की मागचे लोक म्हणाले, पोराला बाहेर न्या. वडील तुला घेऊन उठले, नि मलाही उठवलं. माझा पिक्चर अर्धा राहिला." एवढं सांगताना तिचा आवाज खरोखर दुखावलेला झाला. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं तो पिक्चर तिच्या मनात अर्धा राहिला होता.

मी विचारलं, "मग, आत्या?"

"मग काय? वाटभर हा हुंदके देतोय, मेला, मेला, त्याला मारलं. वडील आधी रागावले, मग दमले. शेवटी म्हणाले, अरे, रडतोस काय, तो मेला कसा असेल? तो आपला खापरपणजोबा. तो मेला असता तर आपण कुठून आलो असतो? तेव्हा कुठे गप्प झाला."

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. सुनेने आतून विचारलं, चहा की सरबत.

"टिपरं," अण्णा म्हणाले. "ती टिपरं आहेत ना घरात."

"ती तुझ्या पाळण्याची. दुसऱ्या दिवशी तू हटून बसलास, खापरपणजोबाची टिपरं दाखवा म्हणून. माळ्यावर तुझा पाळणा होता मोडका. वडिलांनी त्याच्या कठड्याचे दोन दांडे काढले, चुलीच्या धुरावर काळे केले नि दिले तुझ्या हातात. दिवसभर परात बडवत होतास. आई वैतागली."

मला आई आठवली. माझी आई दर दसऱ्याला या दांडक्यांना हळदकुंकू वाहायची. म्हणजे सासूने नवऱ्याला ज्यात जोजवलं त्या पाळण्याला. मला हसू यायला हवं होतं. मी या घरातला विनोदी माणूस आहे, अशा वेळी हसायचं खातं माझ्याकडे असतं. पण अण्णांचा चेहरा बघून ते आलं नाही.

"मी नंतर मोठा झालो," अण्णा सावकाश म्हणाले. "छापखान्यात लागलो. रोज संध्याकाळी वडिलांसमोर बसून जेवत होतो. दिवसभर लोकांच्या चुका काढून यायचो नि त्यांना सांगायचो. तेव्हा तरी सांगायचं."

"सांगणार होते रे. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा म्हणालेसुद्धा मला, की बाळला एकदा सांगून टाकायला हवं. पण तू मुलीकडच्यांसमोर बसलास नि पहिलं वाक्य तेच बोललास, आमच्या घराण्यात असा असा नगारची होऊन गेला. सगळे बघत राहिले तुझ्याकडे. मुलीचे वडीलही. मग वडील म्हणाले, आता राहू दे."

"म्हणजे तुलाही माहीत होतं. इतकी वर्षं."

"हो. मग?"

"दसऱ्याला घरी यायचीस. पाटाला नमस्कार करायचीस."

"तुझ्या पाळण्याला करत होते," आत्या म्हणाली. "तू जगलास त्यात. तुझ्या आधीची दोन नाही जगली."

अण्णांनी खाली वाकून जमिनीवर सांडलेले पावटे गोळा केले आणि एकेक करून तिच्या ताटात टाकले. मग विचारलं, "मग आपले खरे पूर्वज कोण?"

"आजोबा भुसाराच्या दुकानात मापं टाकायचे, तेवढं मला ठाऊक. त्यांच्या आधीचं कोणी विचारलं नाही. आपल्याकडे मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही रे कोणी. नगारा कसला!"

परतताना अण्णा गाडीत पुढे बसले होते. मार्केट यार्डाच्या बाजूने आलो. टेम्पो आडवे लागलेले, कांद्याची पोती उतरत होती, हमाल ओरडत होते. अण्णा त्या सगळ्याकडे असं बघत होते, की जणू तिथे कुठेतरी अजून एक तंबू असेल. मी मनातल्या मनात वेगळाच हिशेब करत होतो. चित्रपटवाल्यांनी आमचा इतिहास उलटा केला, असं मी आठवडाभर म्हणत होतो. त्यांनी कुठलाही इतिहास उलटा केला नव्हता. त्यांनी एक जुना पिक्चर उलटा केला होता, आणि आम्ही त्या पिक्चरच्या बाजूने लढायला निघालो होतो. माझी गोष्ट गेली होती. कुत्र्यासकट.

"काहीतरी खाऊन जाऊ या का?" मी विचारलं.

"आपले वडील मला फसवतील असं मला कधी वाटलं नव्हतं," अण्णा म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते ते. काचेशी बोलत होते. मग थोड्या वेळाने, "आणि मीही कधी विचारलं नाही. सगळ्यांना विचारलं."

घराशी आलो तर फाटकातच चेअरमन. हातात हॉलच्या किल्ल्या. "काका, सगळं ठरलंय! पाण्याच्या बाटल्या, माईक, पत्रकार. दीडशे खुर्च्या सांगितल्यात. साक्ष मिळाली ना?"

"मिळाली," अण्णा म्हणाले. "सभा रद्द करा."

"का हो?"

मी पुढे होणार होतो, काहीतरी थाप मारायला. तब्येत, रक्तदाब, काहीही. पण अण्णांनी मला हातानेच थांबवलं आणि फाटकात उभं राहून, मुद्रितावर शेवटची सही करावी तशा आवाजात सांगितलं, "तो नगारची आमचा नव्हता. आमच्या घराण्यात कोणी नगारची झालेला नाही. मी आजवर जे सांगत आलो ते चूक होतं."

चेअरमनचा चेहरा मवाळ झाला. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, असं करू नका. गद्दार निघाला म्हणून काय झालं? पूर्वजांना असं झटकून टाकू नये. आम्ही कोणी तुम्हाला नावं ठेवतोय का?"

"अहो, झटकत नाही. तो खरंच आमचा नव्हता."

"कळतं हो मला. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं."

"ते एका पिक्चरमधलं होतं. लहानपणी पाहिलेल्या."

"असू दे, असू दे," चेअरमन म्हणाले. त्यांना किती वाईट वाटत होतं ते दिसत होतं.

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे साक्ष मागितली ती एवढीच. मी म्हणालो, "अण्णा खरं सांगताहेत. मी तिथेच होतो. आत्याने सांगितलं."

"तुम्ही तर बोलूच नका," चेअरमन मला म्हणाले. "ग्रुपवर कोणी टाकलं होतं? चांगला होता तेव्हा तुमचा होता."

ते किल्ल्या वाजवत निघून गेले. अण्णा थोडा वेळ फाटकातच उभे राहिले. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, मिटलं. "चल," म्हणाले आणि जिन्याने चढायला लागले. लिफ्टमध्ये कोणी भेटलं असतं.